मदत हवी आहे: चौकोनातून गोल लॉफ्ट, झेब्रात पट्टे मोडतायत

सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) बाटलीचा खांदा काढायचाय. खाली ६० बाय ६० मिमी चौकोन, कोपऱ्यांना १२ मिमी त्रिज्येचा फिलेट (गोलाई). ४५ मिमी उंचीवर २८ मिमी व्यासाचं वर्तुळ. चौकोनाचे ८ तुकडे आणि वर्तुळ अखंड, म्हणून पहिला लॉफ्ट (दोन प्रोफाइल, म्हणजे बाह्याकृती, जोडून बनणारा आकार) पिळवटूनच आला. स्प्लिट एंटिटीजने (रेषा तोडायचं टूल) वर्तुळाचेही ८ भाग केले, कनेक्टर (कुठला बिंदू कुठल्याला जोडायचा ते ठरवणारे ठिपके) समोरासमोर ओढले, पीळ गेला. इथपर्यंत ठीक.

दोन्ही टोकांना 'नॉर्मल टू प्रोफाइल' (लॉफ्ट प्रोफाइलच्या पातळीला काटकोनात निघावा ही अट) आहे. ४ गाईड कर्व्ह (लॉफ्टला दिशा देणाऱ्या वक्ररेषा) पिअर्सने प्रोफाइलला बांधलेत, टोकं उभ्या रेषेला टँजन्ट, म्हणजे त्याच दिशेत (नाहीतर दोन अटी एकमेकींशी भांडतात). तरी झेब्रा स्ट्राइप्समध्ये (पृष्ठभागाचा सलगपणा तपासायचे काळे-पांढरे पट्टे) फिलेटच्या कडेला पट्टा जुळतो, पण कोपर काढून वळतो. म्हणजे टँजन्सी (दिशा जुळणं) आहे, वक्रता सलग नाही. संशय फिलेटवरच: सरळ रेषेची वक्रता शून्य, कंसाची १/१२, आणि ती उडी लॉफ्ट वर चढवत नेतो.

कंसाऐवजी स्टाइल स्प्लाइन (कंट्रोल बिंदूंनी घडवायची वक्ररेषा) घेऊन रेषेशी 'इक्वल कर्व्हेचर' (सांध्यावर वक्रता समान) द्यावं, की अख्खं प्रोफाइल फिट स्प्लाइनने (सगळ्या तुकड्यांवर बसवलेली एकच वक्ररेषा) एकसंध करावं? फिट केल्यावर ६० चं माप किती हलतं? की लॉफ्ट सोडून सरळ बाउंड्री सरफेसच (दोन्ही दिशांच्या कडांवरून बनणारा पृष्ठभाग) घ्यावा? साच्यासाठी आहे, त्यामुळे 'चालून जाईल' नको.