कॉलेज फुटबॉलचा हंगाम : ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

जून-जुलैत कॉलेजं सुरू होतात, टीम निवडेपर्यंत मैदानाचा चिखल झालेला असतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा दारात उभी असते. बाद पद्धतीत एक दुपार वाईट गेली की वर्षभराचा हंगाम आटोपला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2017 मध्ये 17 वर्षांखालील विश्वचषकाचे सामने झाले खरे, पण आजूबाजूच्या पोरांच्या नशिबी मुरूम नाहीतर जाळीतला टर्फ. टीम सांभाळणाऱ्यांनी, खेळवणाऱ्यांनी, शिट्टी वाजवणाऱ्यांनी इथे लिहावं. "जिद्द ठेवा" वगैरे नको. काय करायचं, किती, आणि बिघडतं कुठे, एवढंच.

टीम मॅनेजर, ऐरोली

आधी कागद. एलिजिबिलिटी फॉर्म, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, चालू वर्षाची फी पावती, ओळखपत्र, फोटो. प्रत्येकाचे दोन संच झेरॉक्स करून वेगवेगळ्या प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, एक मॅनेजरकडे, एक जिमखान्यात. घोळ ठरलेले आहेत : दहावीच्या आणि कॉलेजच्या कागदावर नावाचं स्पेलिंग वेगळं, केटी लागलेल्याचा (मागचा विषय राहिलेल्याचा) प्रवेश अजून पक्का नाही, दुसऱ्या कॉलेजातून आलेल्याचं ट्रान्सफर सर्टिफिकेट अडकलेलं. हे सगळं सिलेक्शनच्या आठवड्यातच बघा. आदल्या रात्री कळलं तर स्ट्रायकर बाकावरसुद्धा बसू शकत नाही.

जर्सी दोन रंगांत हव्यात, कीपरची तिसऱ्याच रंगाची. प्रत्येक मापाची एक बिननंबरी जास्तीची ठेवा. फाटते ती नेमकी तीच, जिच्या मापाची दुसरी नसते.

प्रशिक्षक, कोपरखैरणे

आपल्याकडची पोरं पाच-पाचच्या टर्फवर वाढलेली. पायात चेंडू छान बसतो, पण अकराच्या मैदानावर चार गोष्टी उघड्या पडतात.

एक, थ्रो-इन, म्हणजे बाजूच्या रेषेबाहेर गेलेला बॉल हातांनी आत टाकणं. पिंजऱ्यात बॉल बाहेर जातच नाही, त्यामुळे मागचा पाय उचलला जातो किंवा बॉल डोक्यामागून न येता छातीपासून ढकलला जातो. असा फाऊल थ्रो दिला की बॉल समोरच्यांकडे. रोज पंधरा-वीस थ्रो, त्यातले निम्मे धावत येऊन. थ्रो-इनवर ऑफसाइड (समोरच्या बचावफळीच्या पुढे राहून पास घेण्याचा दोष) नसतो, हे फॉरवर्डच्या डोक्यात बसवा. बहुतेकांना माहीत असतं, पण सामन्यात कुणी वापरत नाही.

दोन, ऑफसाइडची लाइन. चार डिफेन्डर एकाच वेळी वर यायला शिकवायला जाळीतली जागा पुरत नाही. आठवड्यातून एक दिवस तरी मोठं मैदान मिळवा, अगदी पहाटे सहाला का होईना. महापालिकेच्या मैदानाचा अर्ज कॉलेजच्या लेटरहेडवर लवकर द्या, नंतर टेनिस क्रिकेटवाले आणि नवरात्रीचे मंडप जागा अडवतात.

तीन, हेडिंग. आधी हाताने टाकलेला बॉल, मग 10 मीटरवरून, मग कॉर्नर. कपाळाने आणि डोळे उघडे ठेवून. एका सत्रात आठ-दहा पुरेत.

चार, आणि हे सगळ्यात महाग पडतं : तिरका लांब पास. टर्फवर 15 मीटरच्या पुढे कुणी बघतच नाही. राइट बॅकने डाव्या विंगरकडे 35-40 मीटरचा पास देणं हाच वेगळा सराव आहे, आठवड्यातून दोनदा प्रत्येकी वीस. चिखलात तर यावरच सामना ठरतो. गोलसमोरचा आणि मधला पट्टा सगळ्यात जास्त तुडवलेला असतो, जमिनीवरचा पास तिथे रुततो. कडेला गवत टिकलेलं असतं, खेळ तिकडूनच न्या.

मैदान आखणारे, ठाणे

फक्कीबद्दल, म्हणजे रेषा आखायच्या पांढऱ्या पावडरीबद्दल, कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. 100 बाय 64 मीटरचं मैदान धरलं तर सगळ्या रेषा मिळून जवळपास 700 मीटर भरतात, त्या हिशोबाने पावडर आणा. आधी एक टचलाइन (लांब बाजूची रेषा) दोरीने सरळ करा. कोपऱ्याला काटकोन हवा तर एका बाजूला 6 मीटर, दुसऱ्या बाजूला 8 मीटर मोजा. तिरकं अंतर बरोबर 10 आलं पाहिजे. 3-4-5 नेही जमतं, पण लहान मापात चूक वाढते. शेवटी दोन्ही कर्ण मोजा : 118.7 मीटर. फरक पडला तर पेनल्टी बॉक्स वाकडा होणार. बॉक्स गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून 16.5 मीटर, पेनल्टी स्पॉट गोलरेषेपासून 11 मीटरवर, मधलं वर्तुळ खिळ्याला 9.15 मीटर दोरी बांधून. रेषा 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको.

घरं रंगवायचा चुना वापरू नका. ओला झाला की कातडी भाजतो, स्लाइड टॅकल करणाऱ्याच्या डोळ्यात गेला तर आणखी वाईट. खडूची पावडर घ्या. पाऊस असेल तर पाणी घालून पातळ केलेला पांढरा इमल्शन रंग जास्त टिकतो.

सामन्याआधी मैदान पायी फिरा. मंडपाच्या बांबूंचे खड्डे वरवर बुजवलेले असतात आणि घोट्याएवढे खोल निघतात. हलवता येणारे गोलपोस्ट मागून वाळूच्या पोत्यांनी दाबल्याशिवाय कुणाला आडव्या दांड्याला लटकू देऊ नका. पोस्ट अंगावर पडून माणसं मेली आहेत.

फिजिओथेरपिस्ट, वाशी

वॉर्मअप म्हणून मैदानाला दोन फेऱ्या आणि मग गोलवर शॉट मारणं बंद करा. 'फिफा 11 प्लस' हा 20 मिनिटांचा तयार क्रम आहे : 8 मिनिटं धावण्याचे व्यायाम, 10 मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची 2 मिनिटं पुन्हा वेगात धावणं. सरावाला पूर्ण करा, सामन्याआधी फक्त धावण्याचे दोन भाग. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, पोरांना नकोसा असतो, कारण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात. पाच वेळांपासून सुरुवात करा.

घोटा मुरगळला तर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. क्रेप बँडेज बोटांकडून वर. हळद-चुन्याचा लेप, मालिश, शेक पहिले दोन दिवस नको. घोट्याच्या हाडावर दाबून दुखत असेल किंवा चार पावलं टाकता येत नसतील तर एक्स-रे.

पावसाळ्यात खरचटलेल्या पायाने साचलेल्या पाण्यातून चालणं म्हणजे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती. जखम साबण-पाण्याने धुवा आणि 72 तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा, प्रतिबंधक गोळी लागेल का ते तेच ठरवतील.

ऑक्टोबरच्या उन्हात नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने टाकू नका. जेवण तीन तास आधी, वरण-भात किंवा पोळी-भाजी. ग्राउंडबाहेरचा वडापाव सामना संपल्यावर.

माजी कीपर, कळवा

बुटांचं थोडक्यात. मुरमावर छोट्या रबरी खिळ्यांचे टर्फ शूज, ओल्या गवतावर लांब स्टड. कृत्रिम टर्फवर धातूचे स्टड घालू देत नाहीत. ओले बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा, उन्हात सोल सुटतो. बॉलमध्ये हवा भरताना सुई ओली करा, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

रेफ्री, ठाणे

शिन गार्ड (नडगीवरची ढाल) नाही तर मैदानात पाऊल नाही. कडं, बाळी, साखळी काढायचीच, टेप लावून झाकलेलंही चालत नाही. ऑगस्टमध्ये राखीवरून दरवर्षी वाद होतो, घरूनच सोडवून या. सॉक्सवरची टेप सॉक्सच्याच रंगाची.

2025-26 पासूनच्या नियमात कीपरने बॉल हातात 8 सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफ्री हात वर करून मोजतो. तुमच्या स्पर्धेत तो लागू आहे का, ते मॅनेजर मीटिंगमध्ये विचारून घ्या.

पेनल्टी शूटआउटला शेवटच्या शिट्टीच्या वेळी मैदानात असलेलेच मारू शकतात. खास पेनल्टीसाठी ठेवलेला पोरगा त्याआधी उतरवायला हवा. किक बसते त्या क्षणी कीपरचा एका पायाचा काही भाग तरी रेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा रेषेमागे पाहिजे. पुढे येऊन अडवली तर किक पुन्हा : पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा पिवळं कार्ड.

टीम मॅनेजर, ऐरोली

रविवारचा सामना असेल तर शनिवारी रेल्वेचा मेगाब्लॉक बघा. ठाण्याहून नेरूळला थेट गाडी नसेल तर वाशी लोकलने सानपाड्यापर्यंत जाऊन बदला. दक्षिण मुंबईतल्या कुपरेज मैदानावर सामना असेल तर सीएसएमटीला उतरून टॅक्सी, बॅगा आणि बॉलची जाळी घेऊन चालत जायचा हट्ट नको. जर्सीची बॅग एकाच पोराकडे देऊ नका. त्याची गाडी चुकली तर अकरा जण बनियनवर उभे राहतील.