शब्दचर्चा: 'बसवून ठेवणे' कागदावर कसं लिहायचं?

करवीरकर: शेजारच्या पोराला गेल्या महिन्यात एका पोलीस ठाण्यात संध्याकाळी सातपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसवून ठेवलं. मारहाण नाही, गुन्हा दाखल नाही, नुसता बाकड्यावर. त्याच्या आईसाठी अर्ज लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडलो. 'अटक' लिहावं तर साहेब म्हणणार, अटक केलीच कुठं? 'डांबून ठेवलं' म्हणावं तर खोलीला कुलूप नव्हतं. कोल्हापुरात 'त्याला बसवलाय' म्हटलं की पोराटोरांना कळतं. कागदाला कळेल असा शब्द हवा आहे.

तांबडा-पांढरा: 'ताब्यात घेतले' लिहा की. पेपरात रोज असतं.

करवीरकर: वाळूचा ट्रॅक्टरपण ताब्यातच घेतात.

वकीलबाई: कायद्यातला शब्द 'गैरपरिरोध'. भारतीय न्याय संहितेचं कलम 127, जुन्या दंड संहितेत 342. त्याला कुलूप लागत नाही. ठरावीक हद्दीबाहेर माणसाला जाऊ दिलं नाही, एवढं पुरतं.

'बसवून ठेवणे' हा शब्द भाबडा वाटतो, पण मोठा सोयीचा आहे. संविधानाच्या अनुच्छेद 22 प्रमाणे अटक केली की कारण सांगायचं, वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी भर घातली: अटकेचा कागद जागेवर करा, त्यावर वेळ-तारीख लिहा, साक्षीदाराची सही घ्या, घरच्यांना कळवा. 'अटक' म्हटलं की ही सगळी वरात मागं लागते. 'बसवलाय' म्हटलं की काहीच नाही, जणू पाहुणा आलाय!

तरी अर्जात 'गैरपरिरोध' पहिल्या ओळीत ठोकू नका. लोकांचाच शब्द अवतरणात ठेवा आणि पुढे घड्याळ लिहा. कसबा बावड्यात कोर्टाजवळ टायपिंग करणारे एक मामा आहेत. कुणी 'माझ्या मुलावर घोर अन्याय' सांगायला लागलं की बोटं थांबवून विचारतात, "अन्याय ऱ्हाऊ दे. आत किती वाजता गेला? चहा कुणी आणून दिला?" चहावाला म्हणजे साक्षीदार, हे मी त्यांच्याकडून शिकले.

तांबडा-पांढरा: आता हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोरच आलंय. तिथं हेबियस टाका.

वकीलबाई: हेबियस कॉर्पस म्हणजे 'देहोपस्थिती', देह हजर करा. पोरगं घरी जेवतंय, आता काय हजर करणार? आत असताना टाकायचं असतं ते. ऑगस्ट 2025 पर्यंत त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, तोवर माणूस सुटून आलेला असायचा. आता राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. घटनेपासून एक वर्षाच्या आत मात्र. आयोग शिक्षा देत नाही, चौकशी करून शासनाला शिफारस करतो, हे त्या माउलीला आधीच सांगा.

मोडीवाचक: थोडं अवांतर. आपल्या आयोगाच्या नावात 'मानवी हक्क' आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय आयोगाच्या हिंदी नावात 'मानव अधिकार'. लोक धमकी देतात ती मात्र 'मानवाधिकारात जाईन' अशीच. गाड्यांच्या पाट्यांवरही तेच, आणि त्यातल्या कितीतरी पाट्यांचा आयोगाशी काडीचा संबंध नसतो. मला 'हक्क' बरा वाटतो. 'अधिकार' म्हटलं की डोळ्यापुढे अधिकारी येतो. अर्थात जुन्या कागदांत 'हक्क-लाजिमा' म्हणजे वतनदाराचं येणं, तेव्हा तोही शब्द काही गरिबाघरचा नव्हे. हक्कसोडपत्रावर सही करताना बहिणींना त्याचा अर्थ बरोबर कळतो.

करवीरकर: आभार. असं लिहिलं: 'माझ्या मुलास सायं. 7 ते दुसऱ्या दिवशी दु. 1 पर्यंत बाकड्यावर "बसवून ठेवले", म्हणजे बाहेर जाऊ दिले नाही. रात्री घरी कळवले नाही. अटकेची नोंद दाखवली नाही.' आईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बाकड्यावर न्हाई, फरशीवर हुता त्यो. त्येवढं नीट लिवा."