मदत हवी आहे : मनूच्या लहानपणाबद्दल

नमस्कार मंडळी, लेकीच्या शाळेत झाशीच्या राणीच्या बालपणावर छोटं नाटुकलं बसवायचंय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. काशीला भदैनीत जन्म, वडील मोरोपंत तांबे चिमाजी आप्पांच्या (दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ) पदरी, आई भागीरथीबाई मनू चारेक वर्षांची असताना गेली, मग बिठूरला दुसऱ्या बाजीरावांकडे, तिथे लाडाने छबेली म्हणायचे, इथवर ठीक आहे. पण जन्मसालाचं काय करू? कुठे 1828 तर कुठे 1835, आणि लग्न 1842 चं, म्हणजे 1835 धरलं तर गंगाधररावांशी लग्नात पोर जेमतेम 6-7 वर्षांची! बरं नानासाहेब 1824 चे, तात्या टोपे तर 1814 चे, मग तिघं एकत्र खेळतायत असं दाखवणं मला तरी पटत नाही, तात्या थोराड दाखवावे का? हत्तीवर बसायचा हट्ट मात्र ठेवणार, ती दंतकथा असली तरी.

कुणी यावर नीट अभ्यास केला असेल तर सांगा ना, कुठलं साल धरू? आणि बिठूरच्या वाड्यातल्या मुलींचा तेव्हाचा पेहराव कसा असायचा, परकर-पोलकं चालेल का? मुलांना चुकीचं शिकवायचं नाहीये.