पेट्रिकोर आणि मृगाचा पाऊस

कोरड्या मातीवर पाऊस पडल्यावर जो वास सुटतो, त्याचं इंग्रजी नाव 'पेट्रिकोर'. हा नुसता मिरवायचा शब्द आहे, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तो घडवला. ग्रीकमध्ये 'पेट्रा' म्हणजे दगड, आणि 'आयकोर' म्हणजे देवांच्या नसांतून रक्ताऐवजी वाहणारा द्रव! कोरड्या दिवसांत वनस्पतींची तेलं माती-दगडांत मुरतात, पाऊस पडला की त्यांचा वास सुटतो. आमच्या बीडकडं उन्हाळाभर भेगाळलेल्या काळ्या रानावर मृगाची पहिली सर येते, तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा ओट्यावर येऊन छाती भरून वास घेतात. आपला 'मृद्गंध' गोडच आहे, पण दगडातून देवांचं रक्त पाझरतंय ही कल्पना मला फार आवडते. अर्थ कळल्यापासून दर जूनमध्ये तो शब्द आपसूक तोंडात येतो.