कोलोरॅडोला स्वतःचा स्नोबोर्ड न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा? (तातडीने मदत हवी आहे)

ट्रॉयकर | १४ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही पुढच्या महिन्यात कोलोरॅडोला जात आहोत आणि माझ्यापुढे एकच साधा प्रश्न आहे. माझा स्वतःचा बोर्ड सोबत न्यावा की तिथे भाड्याने घ्यावा? इथल्या टेकडीवर मी चार हिवाळे नियमितपणे जातो आणि ब्लॅक डायमंडचे, म्हणजे अवघड गटातले, उतारही आरामात उतरतो, त्यामुळे शिकण्यासंबंधीच्या सूचना नकोत. भाड्याच्या दुकानाची ऑनलाइन सवलत उद्या मध्यरात्री संपते आहे आणि विमानात बोर्डाची पिशवी न्यायची की नाही यावर घरात दोन दिवस चर्चा चालू आहे. ज्यांनी दोन्ही करून पाहिले आहे, त्यांनीच कृपया उत्तर द्यावे. जुने धागे शोधून झाले, त्यांत निम्मे लोक हातमोज्यांवर बोलत आहेत.

बोल्डरची_पाटलीण | १४ जानेवारी, रात्री १०:३१

प्रश्न साधा राहावा म्हणून आधी थोडी माहिती द्या. कोलोरॅडोत नेमके कुठे जाणार आहात? 'इथली टेकडी' म्हणजे कुठली? तुमचे वजन, बुटाचे माप, बोर्डाची लांबी आणि कमरेची रुंदी (बोर्डाच्या, तुमच्या नव्हे) यांपैकी एकही गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. त्याशिवाय 'न्या' किंवा 'नेऊ नका' असे सांगणे म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणे झाले.

तात्या_डॅलसवाले | १४ जानेवारी, रात्री १०:४४

माझे ऐकाल तर चाळिशीनंतर बोर्डाच्या फंदात पडूच नका. दोन्ही पाय एका फळीला बांधलेले असतात, त्यामुळे तोल गेला की माणूस हात टेकतो आणि मनगट जाते. स्की शिकायला सोपी आणि चालायला सोयीची. आम्ही दर वर्षी युटातल्या डियर व्हॅलीला जातो. तिथे गर्दी मर्यादित असते, उतार इस्त्री केल्यासारखे असतात आणि जेवण उत्तम मिळते. तुम्हीही बेत बदलून तिकडेच जावे असे मी सुचवेन.

बोल्डरची_पाटलीण | १४ जानेवारी, रात्री १०:५०

तात्या, डियर व्हॅलीत स्नोबोर्डला बंदी आहे. त्याच राज्यातल्या आल्टात आहे आणि व्हरमाँटच्या मॅड रिव्हर ग्लेनमध्येही आहे. आल्टाच्या बंदीविरुद्ध काही बोर्डवाले २०१४ साली न्यायालयात गेले आणि २०१६ साली अपिलातही हरले. यांना बोर्ड घेऊन तिथे पाठवलेत तर हे दाराबाहेरच सूप पीत बसतील.

ट्रॉयकर | १४ जानेवारी, रात्री ११:०५

मी चाळिशीचा आहे असे मी कुठेही लिहिले नव्हते. (आहे, पण लिहिले नव्हते.) आम्ही ब्रेकनरिजला जाणार आहोत. इथली टेकडी म्हणजे मिशिगनमधल्या डेट्रॉइटजवळचे माउंट ब्रायटन, मला वाटले माझ्या नावातल्या ट्रॉयवरून कळेल. वजन ८२ किलो, बूट अमेरिकी मापाने ११, बोर्ड १५४ सेंटिमीटरचा, पारंपरिक कॅम्बरचा (मधोमध किंचित उचललेला), कमरेशी २५२ मिलिमीटर रुंद. आता तरी कृपया उत्तर द्यावे.

बोल्डरची_पाटलीण | १४ जानेवारी, रात्री ११:३८

आता बोलता येईल. तुमचे 'ब्लॅक डायमंड' हे शब्द वाचून मी थबकले होते, कारण ब्रायटनची उंची पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे २३० फूट आहे, तर ब्रेकनरिजची ३,३९८ फूट. म्हणजे पंधराएक ब्रायटन एकावर एक रचावेत तेव्हा तिथला माथा दिसेल. हिरवा (सोपा), निळा (मध्यम), काळा (अवघड) हे रंग साऱ्या देशासाठी मोजून ठरवलेले नसतात. त्या त्या डोंगरावरचे उतार एकमेकांशी ताडून ते तिथल्या तिथे दिले जातात, त्यामुळे तुमच्याकडचा काळा उतार इकडे कोलोरॅडोत बहुधा निळ्यात मोडेल.

तीव्रतेपेक्षा लांबीचा त्रास जास्त होतो. तुमच्याकडे एक उतरण मिनिटभरात संपते आणि मग परत वर नेणाऱ्या खुर्चीत बसून पाय मोकळे होतात. इथे तीच उतरण दहा-पंधरा मिनिटे चालते आणि अर्ध्यावर मांड्या पेटतात, तेव्हा बसायला खुर्ची नसते, बर्फ असतो. म्हणून बोर्डाआधी एक विचारते आणि राग मानू नये. तुम्ही टाचेच्या आणि चवड्याच्या अशा दोन्ही कडांवर वळणे जोडत उतरता, की टाचेच्या कडेवर झाडाच्या पानासारखे इकडून तिकडे घसरत येता?

गारठलेला_गडी | १५ जानेवारी, सकाळी ६:२०

पश्चिमेकडच्या मंडळींचा हा सूर मला मान्य नाही. टेकडी लहान म्हणून शिक्षण कच्चे हे गणित कुणी मांडले? मी मिनेसोटात बक हिलपासून दहा मिनिटांवर राहतो. ती टेकडी जेमतेम ३०० फुटांची आहे आणि २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये डाउनहिल या स्की शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारी लिंडसी व्हॉन लहानपणी तिथेच घडली. छोट्या टेकडीवर संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात तुम्ही पंचवीस-तीस फेऱ्या मारता आणि तेच वळण तीसदा गिरवता. शिवाय आमचा बर्फ आभाळातून कमी आणि यंत्रातून जास्त येतो, तो रात्रीत काचेसारखा घट्ट होतो आणि त्यावर कड रोवता आली नाही तर माणूस थेट कुंपणाला जाऊन लागतो. जो त्या काचेवर उभा राहिला, त्याला कोलोरॅडोचा भुसभुशीत बर्फ म्हणजे गादी.

मुळात ही फळी तुमच्या मिशिगनचीच आहे. १९६५ च्या नाताळात मस्कीगन गावात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यातून 'स्नर्फर' जन्माला आला. तेव्हा डोंगर नव्हता, घरामागचा उतार होता. ट्रॉयकर, कड धारदार करून घ्या आणि स्वतःचाच बोर्ड न्या.

बोल्डरची_पाटलीण | १५ जानेवारी, सकाळी ७:०२

लिंडसी व्हॉनचे कुटुंब पुढे इकडे कोलोरॅडोतल्या व्हेल गावी राहायला आले, ते उगीच नव्हे. कड रोवण्याबद्दल तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझे म्हणणे दमाबद्दल होते, आणि तीस तुकड्यांत विश्रांती घेत धावलेले अंतर एका दमात धावल्यासारखे होत नाही.

डॉ_वहिनी | १५ जानेवारी, सकाळी ८:१५

धाग्याचा विषय बोर्डाचा आहे हे मान्य करून विचारते. सोबत कोण कोण आहे, आणि डेन्व्हरला उतरल्यावर पहिली रात्र कुठे काढणार आहात?

ट्रॉयकर | १५ जानेवारी, दुपारी १२:३०

सोबत सौ. आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मुलगी दोन वर्षे स्की करते, सौ. कधीच उतरलेली नाही, तिला पहिल्या दिवशी मीच बोर्ड शिकवणार आहे. विमान दुपारी पोचते, गाडी घेऊन संध्याकाळपर्यंत थेट ब्रेकनरिज आणि सकाळी पहिल्या खुर्चीने वर. याचा बोर्डाशी संबंध काय ते कळले नाही.

पाटलीणबाई, वळणे दोन्ही कडांवर घेता येतात. मात्र टेकडी लहान असल्यामुळे चवड्यावर फार वेळ राहण्याची गरज पडत नाही, म्हणून बहुतेक वेळ टाचेवरच असतो. सवलत आज रात्री संपते.

डॉ_वहिनी | १५ जानेवारी, दुपारी १:१०

संबंध असा आहे की पहिल्या सकाळी डोके धरून बसलात तर बोर्ड कुणाचा होता याने फरक पडणार नाही. तुमचे राहते गाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आत आहे. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे शहरात नुसते उभे राहिलात तरी जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर असता. ब्रेकनरिज गाव ९,६०० फुटांवर आहे आणि तिथली सर्वांत वरची खुर्ची १२,८४० फुटांवर सोडते, म्हणजे लेहपेक्षाही वर. लेहला जाणारी आपली माणसे पहिले दोन दिवस हॉटेलात पडून राहण्याचा सल्ला निमूट पाळतात, पण गाव अमेरिकेत आहे आणि कोपऱ्यावर कॉफी मिळते एवढ्यावरून उंची कुणाच्या लक्षात येत नाही.

शक्य असेल तर पहिली रात्र डेन्व्हरला काढा. हवा फार कोरडी असते, म्हणून पाणी पीत राहा. पहिल्या रात्री मद्य नको आणि पहिल्या दिवशी माथ्यावरची खुर्ची नको. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे हे बऱ्याच जणांना होते आणि सहसा ओसरते, पण बसल्या जागी दम लागला किंवा मूल गुंगल्यासारखे वागू लागले तर वाट न पाहता खाली उतरायचे आणि डॉक्टर गाठायचा. उंचीचा त्रास टाळण्याच्या गोळीबद्दल निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, विशेषतः कुणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर.

गुलमर्गप्रेमी | १५ जानेवारी, दुपारी १:४५

लेहचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. एवढे डॉलर घालवण्यापेक्षा गुलमर्गला जा. गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर १३,००० फुटांच्या आसपास नेऊन सोडतो आणि तिथून जो बर्फ मिळतो, तो पाहायला परदेशातले लोक येतात. मी दोनदा पुण्याहून जाऊन आलो आहे.

ट्रॉयकर | १५ जानेवारी, दुपारी २:०२

मी मिशिगनमध्ये राहतो. विमानाची तिकिटे डेन्व्हरची काढलेली आहेत.

गुलमर्गप्रेमी | १५ जानेवारी, दुपारी २:०९

पुढच्या वर्षीसाठी म्हणालो.

शेवटची_खुर्ची | १५ जानेवारी, दुपारी ३:२७

आम्ही शिकागोचे. विल्मटच्या टेकडीवर शिकलो आणि सहा वर्षे पश्चिमेला जात आहोत. ट्रॉयकरांना ज्या गोष्टीचा उपयोग होईल ती अजून कुणी बोललेले नाही, म्हणून लिहितो. मोठ्या डोंगरावर उतार असतात तशा दोन उतारांना जोडणाऱ्या अरुंद, जवळजवळ सपाट वाटाही असतात. स्कीवाले काठ्या टेकत तिथून निघून जातात, पण बोर्डवाल्याचा वेग एकदा मेला की मागचा पाय सोडवून ढकलत चालावे लागते. डोंगराची बाजू तोंडासमोर येईल अशा दिशेने वाट जात असेल, तर ती संपेपर्यंत चवड्याच्या कडेवरच उभे राहावे लागते. छोट्या टेकडीवर हे कधी करावेच लागत नाही. उरलेल्या चार आठवड्यांत ब्रायटनवर फेऱ्या मोजणे सोडा आणि अख्खी टेकडी फक्त चवड्यावर, आडव्या आडव्या रेषांत उतरण्याचा सराव करा. पोटऱ्या कुरकुरतील, पण तिथे नाव काढाल.

सौ.ना तुम्ही स्वतः शिकवू नये. मी शिकवले होते. लग्न टिकले, पण बूट बोर्डाला बांधणाऱ्या बाईंडिंगच्या पट्ट्या आवळताना झालेला संवाद आजही सासुरवाडीत सांगितला जातो. सरळ शिकवणीच्या वर्गात नाव घाला आणि मनगटाचे संरक्षक घ्या, तात्यांचे ते म्हणणे खरे आहे.

गारठलेला_गडी | १५ जानेवारी, दुपारी ४:०५

सगळे ठीक, पण बोर्डाचे काय? मी म्हणतो नेलाच पाहिजे. फेब्रुवारीच्या सुट्टीच्या आठवड्यात दर सकाळी फूटभर ताजा बर्फ असेलच असे नाही. बहुतेक वेळ यंत्राने सपाट केलेल्या उतारांवर जाणार आणि तिथे १५४ चा कॅम्बर उत्तम धरतो.

बोल्डरची_पाटलीण | १५ जानेवारी, सायंकाळी ५:१८

सपाट उतारांबद्दल हो. पण ११ चा बूट आणि २५२ ची कमर हे जोडपे मला पसंत नाही. तीव्र उतारावर बोर्ड कलता झाला की बुटाचे टोक बर्फात घासते आणि कड सुटते, आणि हे नेमके चवड्यावर होते. ट्रॉयकरांना चवड्यावर राहणे आवडत नाही, त्याचे अर्धे कारण कदाचित हेच असेल. ताजा बर्फ पडलाच तर ८२ किलोच्या माणसाला १५४ चा अरुंद बोर्ड तरंगवत नाही, नाक खाली जाते आणि मागच्या पायावर रेलून मांडी संपते. म्हणून माझे उत्तर असे की बूट स्वतःचे न्या, कारण भाड्याच्या बुटांनी दिवसाचा नरक होतो, आणि बोर्ड तिथे १५८ च्या आसपासचा रुंद घ्या.

डेन्व्हरहून जाताना आय-७० महामार्गाने आयझेनहॉवर बोगद्यातून जावे लागते, तो ११,१५८ फुटांवर आहे. मॉरिसन ते डोटसेरो या टप्प्यात सप्टेंबर ते मे बर्फाच्या टायरांचा किंवा साखळ्यांचा नियम असतो, तेव्हा भाड्याच्या गाडीचे टायर ताब्यात घेतानाच पाहा.

तात्या_डॅलसवाले | १५ जानेवारी, सायंकाळी ६:३०

टायरांवरून आठवले. मी स्कीसाठी छतावरचा पेटारा घेतला आहे, कुणाला आतल्या मापांची माहिती हवी असल्यास सांगावे.

ट्रॉयकर | १५ जानेवारी, रात्री ११:४०

सर्वांचे आभार. निर्णय घेतला आहे. पहिली रात्र डेन्व्हरला काढण्यासाठी आरक्षण बदलले.

ट्रॉयकर | २३ फेब्रुवारी, रात्री ९:१५

परत आलो, म्हणून नोंद करून ठेवतो. पहिल्या दिवशी ब्रेकनरिजच्या पीक नाइन या शिखराच्या हिरव्या उतारांवरच राहिलो. सकाळी तिथे बर्फ रात्रीतून कडक झाला होता आणि आजूबाजूचे लोक धडाधड बसत होते, पण मला तो ब्रायटनसारखाच वाटला. गारठलेले गडी, एक गुण तुम्हाला. दुसऱ्या दिवशी पीक सेव्हनच्या निळ्या उतारावर निम्म्यातच मांड्या इतक्या थरथरू लागल्या की मी कडेला बसून फोन पाहण्याचे सोंग केले. तिसऱ्या दिवशी गावापर्यंत उतरणाऱ्या फोर ओ'क्लॉक या लांबलचक वाटेवर एका सपाट जागी माझा वेग मेला. मागचा पाय सोडवून मी लंगडत फळी ढकलत होतो, घामाने गॉगल आतून धुरकट झाला होता, तेवढ्यात मुलगी शेजारी येऊन थांबली आणि काठीचे एक टोक पुढे करून म्हणाली, "बाबा, धरा, ओढते." मी धरले. त्या वाटेवरून येणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिले.

सौ. दोन दिवस वर्गात गेली आणि चौथ्या दिवशी माझ्यापेक्षा बऱ्या रीतीने चवड्यावर वळत होती. डोकेदुखी फक्त मला झाली, एकच रात्र. माथ्यावरची खुर्ची वाऱ्यामुळे बंद होती, त्यामुळे तो प्रश्न आपोआप सुटला.

शेवटची_खुर्ची | २३ फेब्रुवारी, रात्री ९:५२

अभिनंदन. ओढून नेणारी माणसे घरातच असलेली बरी.

बोल्डरची_पाटलीण | २३ फेब्रुवारी, रात्री १०:०८

वृत्तान्त छान. पण बोर्ड शेवटी स्वतःचा नेला होता की भाड्याने घेतला, ते अजूनही लिहिलेले नाही.