कणकेचं काय?

फूड प्रोसेसर खरंच कामाचा आहे का, या चर्चेत एक मुद्दा आलाच आहे: तो धुवायला जितका वेळ लागतो तेवढ्यात विळीवर भाजी चिरून होते. दोन कांद्यांपुरतं पटतं. शिवाय बटण जरा जास्त दाबलं गेलं की कांद्याला पाणी सुटतं, मग तो परतताना लवकर लाल होत नाही.

पण कणकेचा विषय कुणी काढलाच नाही. माझं मनगट दुखायला लागल्यापासून रोजच्या पंधरा-सोळा पोळ्यांची कणीक प्रोसेसरमध्येच. प्लॅस्टिकचं बोथट पातं लावायचं, आधी पीठ, मीठ, चमचाभर तेल, आणि मशीन चालू असताना वरच्या नळीतून पाण्याची बारीक धार. भांड्याच्या कडा सोडून गोळा फिरायला लागला की लगेच बंद. जास्त फिरवली तर कणीक कोमट आणि चिवट होते, पोळ्या वातड. (पहिल्या आठवड्यात घरच्यांनी त्याही खाल्ल्या, बिचारे.) नंतर वीस मिनिटं झाकून ठेवायचीच. धुण्याचं म्हणाल, तर गोळा काढल्यावर चमचाभर कोरडं पीठ टाकून दोनदा फिरवते, चिकटलेलं बरंचसं सुटून येतं. पातं मात्र तेव्हाच धुवायचं. वाळलं की त्याच्या पोकळीतलं पीठ टूथपिकने कोरत बसावं लागतं.