आहार चांगला असला तरी तपासणी हवीच
खाणंपिणं नीट असेल तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर अशा तपासण्यांची गरज नाही, असं काही जण म्हणतात. आहाराचं महत्त्व मान्यच, पण हा निष्कर्ष मला धोकादायक वाटतो. वाढलेला रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही, मोजल्यावरच कळतो. एलडीएलचं, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचंही तसंच. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृतच तयार करतं, त्यामुळे काटेकोर खाणाऱ्यांचंही ते आनुवंशिकतेने वाढलेलं असू शकतं. वडील किंवा भावाला ५५ च्या आधी, आई किंवा बहिणीला ६५ च्या आधी हृदयविकार झाला असेल, तर कृपया तपासणी लांबवू नका. अशांनी लिपोप्रोटीन-ए बद्दलही (एलडीएलसारखाच, हृदयविकाराचा धोका वाढवणारा रक्तातला घटक, जो बहुतांशी आनुवंशिक असतो) डॉक्टरांना विचारावं. ते आहाराने फारसं बदलत नाही, म्हणून ही तपासणी सहसा आयुष्यात एकदा केली तरी पुरते.

आहारात मी सगळ्यात आधी मिठाकडे बघेन. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, आणि त्यात पाकीटबंद पदार्थांतलं मीठही आलंच!

आणि हो, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.७ ते ६.४ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आला तर घाबरू नका, पण रिपोर्ट कपाटातही टाकू नका. या टप्प्यावर थोडं वजन उतरवलं तरी मधुमेह लांबवता येतो, अनेकदा टाळताही येतो.